संशय आणि समेट : सांगली-साताऱ्याच्या रंगभूमीवरील संसारचित्रें

मराठी रंगभूमीचा आरंभ एका विवाहकथेनें झाला. १८४३ सालीं सांगली संस्थानचे अधिपति श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग केला. त्या प्रयोगांतील लग्न देवादिकांचें होतें. त्यांत वराची निवड धनुष्यावरून ठरत असे, आणि वधूच्या मनाविरुद्ध कांहीं घडण्याचें भय प्रेक्षकांस नव्हतें. पुढील पाऊणशें वर्षांत हीच रंगभूमि देवांच्या मांडवांतून मनुष्यांच्या माजघरांत उतरली. जरठाशीं बांधली जाणारी बालिका, एकमेकांवर पाळत ठेवणारे पतिपत्नी, एकदां मोडलेल्या लग्नांतून दुसऱ्यानें फुलणारें प्रेम, हे विषय तिनें हातीं घेतले. आणि आश्चर्य असें कीं, ज्या विषयांवर घरोघर अश्रु ढाळले जात, त्याच विषयांवर तिनें प्रेक्षकांस पोट धरून हंसविलें. या हास्याचा फार मोठा वांटा सांगली व सातारा या दोन गांवांच्या परिसरानें उचललेला आहे.

हा परिसर एकच मानण्यास राजकीय इतिहासाचाहि आधार आहे. इंग्रजी अमदानींत सातारा हा ब्रिटिश जिल्हा होता, तर सांगली, मिरज, जत हीं संस्थानें होतीं. संस्थानांचें विलीनीकरण झाल्यावर १९४९ सालीं साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि हा संस्थानी मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ नांवाचा जिल्हा करण्यांत आला, आणि १९६० सालीं त्यासच सांगली जिल्हा हें नांव मिळालें. कृष्णा नदी तर या दोन्ही जिल्ह्यांतून वाहत येते. तेव्हां नाटकमंडळ्यांच्या बैलगाड्या साताऱ्याहून सांगलीकडे व सांगलीहून साताऱ्याकडे जात, त्या वेळीं त्यांस आपण परमुलुखांत आलों असें वाटण्याचें कारण नव्हतें.

त्या काळच्या हास्याचें मोल कळण्यासाठीं त्या काळचें दुःख प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांतील ब्राह्मणादि वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत मुलीचें लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं होई, आणि तें शास्त्राप्रमाणें अभंग समजलें जाई. पति मेला तर पत्नीस दुसरा विवाह नव्हता. पति वाईट निघाला तर त्यापासून सुटका नव्हती. पुरुषास मात्र पहिली पत्नी हयात असतांहि दुसरी करण्यास आडकाठी नव्हती. इतर अनेक जातींत काडीमोड व पाट या रूढि चालत आलेल्या होत्या, आणि दुःखी स्त्रीस त्यांचा कांहीं आधार असे; परंतु प्रतिष्ठा मिळवूं पाहणारीं घराणीं वरिष्ठांचें अनुकरण करूं लागलीं म्हणजे पहिल्यानें हाच आधार काढून टाकीत. न्यायालयहि अशा स्त्रीच्या बाजूस उभें राहीलच अशी खात्री नव्हती. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं नवऱ्याच्या घरीं नांदावयास जाण्याचें नाकारलें, तेव्हां १८८७ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें त्यांस नांदावयास जाण्याची, न गेल्यास सहा महिने तुरुंगवास भोगण्याची आज्ञा केली. पुढें १८८८ सालीं तडजोड होऊन तें प्रकरण मिटलें आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या; पण असा मार्ग शेंकडों मुलींतून एखादीसच सांपडणार.

या स्थितीविरुद्ध प्रथम आवाज उठविणाऱ्यांत साताऱ्याकडील दोन पुरुषांचीं नांवें येतात. विष्णुशास्त्री पंडित (१८२७-१८७६) हे ‘इंदुप्रकाश’ पत्राचे मराठी संपादक. विधवाविवाह कायदेशीर ठरविणारा कायदा १८५६ सालीं झाला होता. परंतु कायद्याच्या कागदावरून प्रत्यक्ष मांडवापर्यंत येण्यास महाराष्ट्रांत आणखी तेरा वर्षें लागलीं. पंडितांनीं १८६५ सालीं विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापिली, आणि १८६९ सालीं मुंबईस एका ब्राह्मण विधवेचा विवाह लावून दाखविला. त्याबद्दल त्यांच्यावर व त्यांच्या सहकाऱ्यांवर बहिष्कार पडला. १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांसमोर मोठा वाद झाला, त्यांत निर्णय सुधारकांविरुद्ध गेला. तरी पंडित डगमगले नाहींत. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७४ सालीं त्यांनीं स्वतः एका विधवेचें पाणिग्रहण केलें, आणि जें दुसऱ्यांस सांगितलें तें स्वतः आचरून दाखविलें. दुसरे पुरुष म्हणजे कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर. त्यांनीं ‘सुधारक’ पत्रांतून बालविवाह, असंमत विवाह व वैधव्य यांवर जे प्रहार केले ते सुविद्य घराण्यांस परिचित आहेतच.

परंतु वर्तमानपत्र वाचणारे थोडे आणि नाटक पाहणारे पुष्कळ. शास्त्रीपंडितांचे वाद ज्यांच्या कानीं कधीं पडले नाहींत, त्यांच्यापर्यंत हा प्रश्न नाटकवाल्यांनीं पोंचविला.

साताऱ्याची शाहूनगरवासी नाटकमंडळी ही गद्य नाटकांसाठीं सर्व महाराष्ट्रांत गाजली. शाहूनगर म्हणजे साताराच; मंडळीनें आपल्या गांवाचें जुनें नांव अभिमानानें धारण केलें होतें. गणपतराव जोशी हे तिचे प्रमुख नट, व बाळाभाऊ जोग हे स्त्रीभूमिका करणारे नट. आगरकरांनीं शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ या नांवानें १८८३ सालीं जें भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यांतील नायकाच्या भूमिकेनें गणपतरावांची कीर्ति झाली हें सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें मात्र या मंडळीचें ‘त्राटिका’ हें नाटक अधिक महत्त्वाचें. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ धि श्र्यू’ या नाटकावरून फर्ग्युसन कॉलेजांतील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं तें १८९० नंतरच्या एकदोन वर्षांत रचलें. जिभेनें तिखट व स्वभावानें दांडग्या अशा मुलीशीं प्रतापराव लग्न करतो, आणि तिच्याहूनहि अधिक दांडगाईचें सोंग आणून तिला नरम करतो, एवढीच कथा. गणपतराव प्रतापराव व जोग त्राटिका अशी जोडी रंगमंचावर आली म्हणजे नाटकगृहांत हास्याचा कल्लोळ उडे.

या नाटकाचें यश निर्विवाद आहे. पण त्यांतील हास्य कोणत्या बाजूस उभें आहे हें पाहिलें पाहिजे. विवाह दुःखाचा होण्याचें सारें कारण येथें स्त्रीच्या स्वभावांत शोधलें आहे, आणि त्यावरील औषधहि तिलाच पाजलें आहे. उपाशी ठेवणें, झोंप न देणें, भर दिवसा चंद्र म्हणावयास लावणें, हे प्रकार रंगभूमीवर विनोदी वाटतात. परंतु प्रेक्षागृहांत बसलेल्या कित्येक स्त्रियांस तेच प्रकार घरीं विनोदावांचून अनुभवावे लागत होते. नवराबायकोचें प्रेम पुन्हां जमतें खरें, पण तें एकानें हार खाल्ल्यावर. याहून न्याय्य असा समेट मराठी रंगभूमीस दाखविला तो सांगलीजवळच्या एका लेखकानें.

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ सालीं हरिपूर येथें झाला. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील हें लहानसें गांव संगमेश्वराच्या देवालयासाठीं आणि जमिनीच्या पोटांत हळद सांठविण्याच्या पेवांसाठीं प्रसिद्ध आहे. देवलांचें शिक्षण बेळगांवीं झालें. तेथें बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांचे शिक्षक होते. पुढें शिष्य गुरूच्याच नाटकमंडळींत आला आणि नटांस तालीम देणारा अद्वितीय शिक्षक म्हणून नांवाजला गेला. देवलांनीं एकंदर सात नाटकें लिहिलीं. त्यांपैकीं कांहीं संस्कृतावरून घेतलेलीं, कांहीं इंग्रजीवरून घेतलेलीं, व संपूर्ण स्वतंत्र असें एकच, तें ‘शारदा’. तरी या सातांतून विषयाचें एक सूत्र ओवलेलें दिसतें. त्यांची दृष्टि वरचेवर बिघडलेल्या संसाराकडे वळते.

त्यांचें पहिलें नाटक ‘दुर्गा’ हें १८८६ सालचें. इंग्लंडांत टॉमस सदर्न यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका शोकान्त नाटकाला गॅरिक या नटानें नवें रूप देऊन ‘इझाबेला’ या नांवानें रंगभूमीवर आणलें होतें. त्या कथेवर देवलांनीं आपली रचना केली. पति मृत झाला अशा समजुतीनें व दारिद्र्यानें गांजून एक स्त्री दुसरा विवाह करिते, आणि मग पहिला पति जिवंत परत येतो. येथें पुनर्विवाहाचा परिणाम सर्वनाशांत होतो. ज्या प्रेक्षकांपुढें विधवाविवाहाचा वाद अद्याप धुमसत होता, त्यांस हें नाटक कसें जिव्हारीं लागलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. त्यानंतर ‘मृच्छकटिक’ नाटकांत देवलांनीं शूद्रकाच्या चारुदत्तास मराठी बोलावयास लाविलें. चारुदत्त विवाहित, दरिद्री व निराश; त्याच्या आयुष्यांत वसंतसेना येते आणि विझत आलेला दिवा पुन्हां उजळतो. दुसऱ्यानें येणाऱ्या प्रेमाची ही कथा सुखान्त आहे. पण ती पुराण्या उज्जयिनींत घडते, त्यामुळें प्रेक्षकास आपल्या घराची आठवण न होतां तिचा आनंद घेतां येतो.

‘शारदा’ नाटकानें हा आडपडदा दूर केला. १८९९ सालीं किर्लोस्कर मंडळीनें या नाटकाचा पहिला प्रयोग इंदूर येथें केला. भुजंगनाथ नांवाचा धनवान थेरडा पुन्हां बोहल्यावर चढण्यास उतावीळ झालेला आहे. भद्रेश्वर दीक्षित हा लग्नें जुळविणारा मध्यस्थ. कांचनभट हा वधूपिता. त्यास मुलीहून रुपये प्रिय. आई इंदिराकाकू हिचें मन तुटतें, पण तिचें कोणी ऐकत नाहीं. या चौकटींत शारदा ही कोंवळी मुलगी सांपडलेली आहे. भुजंगनाथाची नटण्याची हौस, कांचनभटाचा लोभ, दीक्षितांची गोड वाणी यांनीं प्रेक्षक हंसतात. पण हंसतां हंसतांच सख्यांसमोर बसलेल्या शारदेकडे त्यांची नजर जाते, आणि त्यांचें त्यांसच आपण कशास हंसलों असें वाटूं लागतें.

या नाटकाची अखेर विशेष विचार करण्यासारखी आहे. कोदंड हा तरुण हा विवाह हाणून पाडण्याच्या खटपटींत असतो, आणि वधूवर सगोत्र आहेत असें उघड करून तो ऐन वेळीं लग्न थांबवितो. येथें सामान्य लेखक पडदा पाडता. देवलांनीं तसें केलें नाहीं. मांडवांत उभी राहिलेली मुलगी, विधि अर्धा झालेला. आतां ती कुमारी कीं विवाहिता? तिला पुन्हां कोण करणार? या विचारानें शारदा जीव देण्यास निघते, आणि कोदंड तिला वांचवितो. या दोघांचा विवाह शास्त्रसंमत कीं नाहीं, हा प्रश्न शेवटीं शंकराचार्यांपुढें जातो, आणि विधि पूर्ण झालेला नसल्यामुळें ती विवाहास योग्य आहे असा निर्णय मिळतो. ज्या पीठासमोर १८७० सालीं विष्णुशास्त्री पंडितांचा पक्ष हरला, त्याच पीठाच्या मुखानें १८९९ सालीं रंगभूमीवर एका मुलीस दुसरें आयुष्य मिळालें. देवलांनीं शास्त्राशीं भांडण मांडलें नाहीं. शास्त्रासच दयाळू करून दाखविलें. म्हणूनच सनातनी घरांतील मंडळीहि हें नाटक निःशंकपणें पाहूं शकली.

१९२९ सालीं बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला, त्यास महाराष्ट्रांत लोक ‘शारदा कायदा’ म्हणत. हें नांव वस्तुतः कायद्याचे पुरस्कर्ते अजमीरचे हरविलास सारडा यांच्यावरून पडलेलें. पण देवलांची शारदा मराठी मनांत इतकी घर करून बसली होती कीं, कायदा तिच्याचसाठीं झाला असें पुष्कळांस वाटलें, आणि या चुकींत थोडें सत्यहि होतें. त्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा व मुलाचें अठरा ठरविलें होतें.

आतां राहिलें ‘संशयकल्लोळ’. देवलांनीं १८९३ सालीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नांवाचें गद्य नाटक लिहिलें होतें. त्याचें मूळ आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या ‘ऑल इन धि राँग’ या १७६१ सालच्या नाटकांत, आणि त्याचेंहि मूळ फ्रेंच नाटककार मोलियेर याच्या १६६० सालच्या ‘स्गानारेल’ या छोट्या प्रहसनांत सांपडतें. याच गद्य नाटकास पदांची जोड मिळून १९१६ सालीं, म्हणजे देवलांच्या मृत्यूच्याच वर्षीं, गंधर्व नाटकमंडळीनें ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलें. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्व यांची रेवती यांनीं त्या नाटकास अमर केलें. बालगंधर्वांच्या राजहंस घराण्याचें गांव नागठाणें. तें पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें व आतां सांगली जिल्ह्यांत आहे.

या नाटकांतील पात्रांचीं नांवें महिन्यांचीं व नक्षत्रांचीं आहेत. फाल्गुनराव, आश्विनशेट, वैशाखशेट, भादव्या हे पुरुष. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा या स्त्रिया. जणूं सारें पंचांगच भांडावयास उभें राहिलें आहे! फाल्गुनराव व कृत्तिका हें विवाहित जोडपें, दोघेंहि संशयी. आश्विनशेट व रेवती हीं प्रेमिकांची जोडी. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी, आणि आश्विनशेटास तिच्याशीं रीतसर विवाह करावयाचा आहे. रस्त्यांत रेवतीस घेरी येते, जवळून जाणारा फाल्गुनराव तिला सांवरतो, आणि हें दृश्य कृत्तिकेच्या दृष्टीस पडतें. रेवतीजवळची आश्विनशेटाची तसबीर खालीं पडते, ती कृत्तिकेच्या हातीं लागते, आणि ती परक्या पुरुषाची तसबीर न्याहाळीत असतां फाल्गुनराव तिला पाहतो. मग तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातांत आश्विनशेट पाहतो. एका तसबिरीनें चार माणसांचीं मनें विटतात.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. कोणीहि खोटें बोललेलें नाहीं, कोणीहि पाप केलेलें नाहीं. प्रत्येकानें जें पाहिलें तें खरेंच पाहिलें. चूक झाली ती पाहिलेल्याचा अर्थ लावण्यांत. आणि अर्थ वाईट लागला, कारण मन आधींच संशयानें भरलेलें होतें. फाल्गुनराव व कृत्तिका यांच्या घरांत तसबीर येण्यापूर्वींच विश्वास उरलेला नव्हता. तसबिरीनें त्या रिकाम्या जागेस केवळ एक रूप दिलें. पुष्कळ संसार व्यभिचारानें किंवा छळानें बिघडत नाहींत. ते अशाच न बोललेल्या शंकांनीं हळुहळू कुजतात, हें देवलांनीं ओळखलें होतें.

‘त्राटिके’शीं तुलना केली असतां या नाटकाचा मोठेपणा लक्षांत येतो. तेथें दोष एकीचा व शिक्षाहि एकीला. येथें दोष समान वांटलेला आहे. फाल्गुनराव बायकोवर जेवढी पाळत ठेवतो तेवढीच ती त्याच्यावर ठेवते, आणि दोघेंहि सारखींच हास्यास्पद ठरतात. शेवटीं सर्व मंडळी समोरासमोर येतात, ज्यानें त्यानें आपल्यापुरतें सांगितलें म्हणजे गांठ सुटते, आणि कोणासहि हार न खातां समेट होतो. दुसरेंहि एक महत्त्वाचें. त्या काळच्या प्रतिष्ठित समाजानें जिला दाराबाहेर उभें केलें असतें त्या नायकिणीच्या मुलीचें प्रेम या नाटकांत एकनिष्ठ ठरतें, आणि ज्यांच्या लग्नास अग्निब्राह्मणांची साक्ष होती तेंच जोडपें एकमेकांस चोर समजतें. निष्ठा ही विधीनें मिळत नसून विश्वासानें मिळते, हा अर्थ देवलांनीं कोठेंहि भाषण न करतां प्रेक्षकांच्या गळीं उतरविला.

तरीहि या हास्यास एक मर्यादा होती, आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. फाल्गुनराव-कृत्तिकेचा समेट होतो, कारण त्यांचा संशय खोटा होता. ज्या घरांत संशय खरा असेल, ज्या घरांत मारहाण असेल, तेथील कृत्तिकेनें काय करावें? १९१६ सालीं याचें उत्तर नाटकास ठाऊक नव्हतें, कारण तें कायद्यासहि ठाऊक नव्हतें. शारदेचा मार्ग मोकळा झाला तो विवाह पुरा झाला नव्हता म्हणून. पुरा झाला असता तर शंकराचार्यहि निरुपाय होते. बडोदें संस्थानानें १९३१ सालीं हिंदूंस घटस्फोटाचा हक्क दिला. मुंबई इलाख्यांत १९४६ सालीं द्विभार्याप्रतिबंधाचा व १९४७ सालीं घटस्फोटाचा कायदा झाला, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तेच तत्त्व साऱ्या देशांतील हिंदूंस लागू केलें. म्हणजे ‘शारदे’च्या पहिल्या प्रयोगास हजर असलेली दहा वर्षांची मुलगी अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत आपल्याकडील कायद्यानें तिच्यासाठीं हें दार उघडलें नव्हतें.

परंतु दार उघडण्यापूर्वीं दाराआड कोणी कोंडलेलें आहे हें लोकांस कळावें लागतें. तें काम व्याख्यानांनीं केलें, वर्तमानपत्रांनीं केलें, आणि हरिपूरच्या देवलांनीं हंसत हंसत केलें. सांगलीस आज लोक ‘नाट्यपंढरी’ म्हणतात, आणि सीतास्वयंवराच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो. ‘संशयकल्लोळ’चे प्रयोग शंभर वर्षांनंतरहि होतात, आणि फाल्गुनराव दिसतांच प्रेक्षक हंसूं लागतात. वेष बदलले, तसबिरीची जागा दुसऱ्या साधनांनीं घेतली, नांदणें न नांदणें हें स्त्रीच्या हातीं आलें. पण दोघांनीं समोरासमोर बसून आपल्यापुरतें खरें सांगावें आणि दुसऱ्याचें ऐकून घ्यावें, हा जो उपाय देवलांनीं शेवटच्या प्रवेशांत सुचविला, त्याहून स्वस्त उपाय संसारास अद्याप कोणी सांगितलेला नाहीं.